डब्यातलं कॉलेज

लुंबिनी एकदा बोलायला लागली की थांबत नाही, हे कोळवाडीला यंदाच्या भीमजयंतीपासून कळलं. तोवर ती वर्गात हजेरीसुद्धा पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पाठीला सांगितल्यासारखी द्यायची. जयंतीच्या दिवशी जी मुलगी भाषण करणार होती तिचा ऐनवेळी घसा बसला, कुणीतरी लुंबिनीला मागून ढकललं, माईक हातात आला आणि मग तो तिच्या हातातून काढून घ्यायला दोन मोठी माणसं लागली. तेव्हापासून ही दहावीतली पोरगी रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, जिथं कुणाचं काही अडलं तिथं बोलायला उभी. आई म्हणायची, आधी बोलत नव्हती म्हणून काळजी, आता थांबत नाही म्हणून.

त्यामुळं रेणुकाकाकीचं कॉलेज अडलं तेव्हा ते सोडवणं हे आपलंच काम आहे, असं तिनं धरूनच टाकलं.

रेणुका ही लुंबिनीच्या आनंदराजकाकाची बायको. माहेर किल्लारीचं. बारावीचा निकाल लागला आणि लगेच हळद लागली, त्यामुळं पुढचं शिक्षण राहून गेलं ते गेलंच. मग नांदेडच्या एका कॉलेजनं घरबसल्या बी.ए. सुरू केलं. सगळं मोबाईलवर, वर्गात जायची गरज नाही. काकीनं नाव घातलं आणि विषय घेतला भूगोल. आई हसली होती, भूगोल घेऊन काय करणार म्हणून. काकी म्हणाली, "आमचं आख्खं गाव एका पहाटेत खाली बसलं. मी जन्मले ती नव्या गावात. जुनं गाव कशानं बसलं ते मला कुणी नीट सांगितलंच न्हाई, वैनी." किल्लारीचा भूकंप आईलाही माहीत होता; परत ती भूगोलाला हसली नाही.

काका जेसीबी चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला धडाचं एक उत्तर लागायचं. तो म्हणाला, "या वर्षाला बघू. परीक्षेला बसलीस तर खुशाल पुढं शिक. बसायलाच जमलं न्हाई तर मग हा विषय बंद. रोज हे बेजार होणं नको." काकीनं मान हलवली. म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर आलं.

आणि परीक्षा तर लांबच, लेक्चरच दिसेना. घरात चालणारा मोबाईल एक, तो दिवसभर काकाबरोबर. संध्याकाळी तो घरी आला की काकी भाकऱ्या उरकून पाण्याच्या टाकीपाशी जायची, कारण गावात नेट येतं ते तिथंच, तेही उत्तरेच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं तर. लेक्चर सुरू व्हायचं. देगलूरकर मॅडम फळ्याकडं हात करायच्या, तोंड उघडायच्या आणि तशाच राहायच्या. मधोमध ते गोल चाक फिरत बसायचं. मॅडमचा हात हवेत, काकीचा हात हवेत. टाकीवर कपडे धुणाऱ्या बाया विचारायच्या, रेणुका, टाकीत पाणी चढलं का ते बघायला रोज येतीस का गं. काकी हसून घ्यायची. पण घरी येताना तिचा चेहरा लुंबिनीला बघवायचा नाही.

एके दिवशी संध्याकाळी लुंबिनी फाट्यावर दादाचा रिकामा डबा आणायला गेली होती. तिचा भाऊ धम्मदीप लातूरला नीटचा अभ्यास करायचा. लातूरला शिकणाऱ्या पोरांचे डबे गावागावांतून सकाळच्या एसटीनं जातात, हे आपल्याकडं काही नवीन नाही. ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग लागलेली असते, लातूरच्या स्टँडवर पोरं आपापला डबा ओळखून उचलतात आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. कंडक्टरमामांनी खिडकीतून डबा दिला. लुंबिनीनं तो सवयीनं हलवून बघितला. आत काही नव्हतं. आणि तिला एकदम वाटलं, इतक्या लांबून रोज हे रिकामं भांडं का येतंय?

ती फाट्यावरून पळत आली. दादाच्या अभ्यासिकेत वायफाय होतं, तिथं पोरं सिनेमेसुद्धा उतरवून घेतात हे त्यानंच सांगितलं होतं. लेक्चरच्या लिंका काकाच्या मोबाईलवर ग्रुपात यायच्याच. त्या दादाला पाठवायच्या, त्यानं लेक्चर मेमरी कार्डावर उतरवायचं, कार्ड डब्यात टाकायचं. घरात काकाचा जुना फोन पडला होता, सिमची बाजू मेलेली, पण कार्ड घ्यायचा.

दादा आधी कुरकुरला. माझा अभ्यास काय कमी आहे का, म्हणाला. लुंबिनीनं त्याला सांगितलं की डब्यात ठेचा बंद होईल. मग तयार झाला.

पहिलं कार्ड आलं ते चटणीच्या खणात, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. आईनं डबा राखेत घालायच्या आधी लुंबिनीनं झडप घातली म्हणून वाचलं. कार्डाला शेंगदाण्याच्या चटणीचा वास होता. ते जुन्या फोनमध्ये घातलं, आणि देगलूरकर मॅडम बोलायला लागल्या. बोलतच राहिल्या. हात वर केला तो खाली आला. काकी चुलीपुढं बसून ऐकत होती, भाकरी करपली तरी उठली नाही. लेक्चर संपलं तेव्हा ती लुंबिनीकडं बघून म्हणाली, "लुंबे, मॅडमला पुढचं वाक्यबी येतं की गं."

त्या दिवसापासून घरात भूगोल शिरला. काकी पीठ मळताना ऐकायची, धुणं धुताना फोन ओसरीच्या कोनाड्यात ठेवून ऐकायची, तेच लेक्चर परत परत. आईलासुद्धा लाव्हा काय असतो ते कळलं. लुंबिनी शाळेत सांगत सुटली की आमच्या घरी एसटीनं कॉलेज येतं.

आणि मग लग्नसराई आली. लग्नसराईत अहमदपूरच्या एका साडीच्या दुकानातनं आख्ख्या तालुक्याची खरेदी झाली, आणि त्या दुकानाची पिवळी पिशवी घराघरात गेली. मजबूत, लांब बंदाची. डबा ठेवायला तर फारच छान. दादाच्या डब्याची जुनी पिशवी तेलकट झाली होती, म्हणून आईनं ती फेकून पिवळी घेतली. लातूरच्या गाडीत त्या दिवशी ड्रायव्हरच्या मागं किती पिवळ्या पिशव्या होत्या, किती बायांना हीच अक्कल सुचली होती, हे तिला कुठून कळणार.

संध्याकाळी लुंबिनीनं फाट्यावर पिशवी घेतली, घरी येऊन डबा उघडला तर आत कार्ड नाही. लसणाचा वास होता, आणि झाकणावर नाव कोरलेलं होतं, शेषेराव व गुणाबाई यांजकडून सप्रेम भेट. आपल्या नात्यात गुणाबाई कोण, म्हणून आई विचार करत बसली. मग तिनं डबा उलटा करून बघितला आणि म्हणाली की हा आपला डबाच नाही.

काकीचं तोंड उतरलं. त्या कार्डावर भूकंपाचं लेक्चर होतं. ती ज्याची वाट बघत होती तेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लुंबिनी काकीला घेऊनच फाट्यावर उभी राहिली. बोलायचं काय ते तिनं ठरवून ठेवलं होतं. कंडक्टरमामांना डबे ओळखून देण्याची जबाबदारी नीट समजावून सांगायची होती. पण गाडी थांबली आणि मामांच्या आधी एक मुलगी उतरली, हातात पिवळी पिशवी. वीसेक वर्षांची, केस घट्ट बांधलेले, चेहरा रागीट. लातूरकडून येताना दोन फाटे अलीकडच्या गावाची. नाव सुकन्या. तिचा भाऊ शिवशंकरही लातूरला होता. कुणाचा डबा कुठं उतरतो हे कंडक्टरमामांना पाठ होतं, त्यांनीच तिला इथवर आणलं होतं.

सुकन्यानं काही न बोलता डबा दिला, आपला घेतला. मग पिशवीच्या तळातून कार्ड काढलं, पण ते मुठीतच ठेवलं.

तिनं सांगितलं ते असं. डब्यात कार्ड बघून तिला वाटलं भावानं फोटो पाठवले. तिनं ते घरच्या फोनमध्ये घातलं तर आत देगलूरकर मॅडम. ती उडालीच. कारण तिनंही त्याच कॉलेजात नाव घातलेलं होतं आणि दिवाळीपासून सोडून दिलेलं होतं. तिच्या गावात तर टाकीपाशीही नेट नव्हतं. शेतातल्या कडुलिंबावर चढलं तर एक काडी यायची, आणि लिंबावर बसून बी.ए. कोण करणार. वडील म्हणाले होते, तुझ्या डोक्यात शिरत नसेल म्हणून फोनवर खापर फोडायलीस.

"मी सगळं ऐकलं," सुकन्या म्हणाली. "कार्ड तुमचं हाय, घ्या. पण आता पुढचं मला कुठून मिळंल ते सांगा, मगच देते."

काकी हसायला लागली, आणि थांबेचना. लुंबिनीच्या मनातलं कंडक्टरमामांचं भाषण कुठल्या कुठं पळालं. एकाच कार्डावर आता दोघी शिकणार होत्या. कार्ड आधी सुकन्याच्या फाट्यावर उतरायचं, तिथं उतरवून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी याच गाडीनं कोळवाडीला यायचं. सुकन्या स्वतः कार्ड घेऊन आली की ती आणि काकी फाट्यावरच उभ्या उभ्या एकमेकींना प्रश्न विचारायच्या. परतीची गाडी हॉर्न वाजवायची तरी बोलणं संपायचं नाही. काकीला पहिल्यांदा वर्गमैत्रीण मिळाली होती.

आणि अशात एका संध्याकाळी काका कामावरून आला तर मोबाईलवर ग्रुपात निरोप येऊन पडला होता. ज्यांनी लेक्चर ॲपमध्ये बघितलेलं नाही त्यांची हजेरी भरलेली नाही, आणि हजेरी नसेल तर परीक्षेचा अर्ज भरता येणार नाही.

लुंबिनीनं निरोप पुन्हा पुन्हा वाचला. डब्यातलं लेक्चर ॲपला दिसतच नव्हतं. काकीनं सगळं ऐकलं होतं, पाठ झालं होतं, आईला पाठ झालं होतं, आणि कॉलेजच्या लेखी काकी आलीच नव्हती. ही युक्ती लुंबिनीची होती.

काकानं मोबाईल ठेवला. चिडला नाही, ते जास्त वाईट होतं. "झालं की मग," एवढंच म्हणाला.

काकी पीठ मळत होती. मळतच राहिली. मग परातीकडं बघतच म्हणाली, "नांदेडला जाऊन येते."

काकानं विचारलं, कशाला. काकी म्हणाली, "हजेरी द्यायला."

लुंबिनी रात्री अंथरुणात भाषण रचत झोपली आणि सकाळी रचतच उठली. रात्रीच फोन केला होता म्हणून अहमदपूरच्या स्टँडवर सुकन्या येऊन थांबली होती. तिघी नांदेडच्या गाडीत बसल्या. लोह्यापर्यंत लुंबिनीनं भाषणाची सुरुवात तीनदा बदलली. समान संधी हा शब्द त्यात आधी दोनदा होता, आता पाचदा झाला. सुकन्या म्हणाली की मॅडमला पटलं नाही तरी दम लागंल. काकी खिडकीबाहेर बघत होती. काळ्या रानाकडं, खडकाच्या उघड्या पडलेल्या बाजूंकडं. मधेच बोट दाखवून म्हणायची, ते बघ थर. लुंबिनीला आश्चर्य वाटलं. आपल्याला भीती वाटायला लागली होती आणि काकी शेजारी बसून दगड बघत होती.

कॉलेज मोठं होतं. विचारत विचारत त्या भूगोलाच्या खोलीपाशी गेल्या. देगलूरकर मॅडम आत होत्या. मोबाईलवर दिसायच्या त्यापेक्षा बुटक्या, आणि सारख्या हलत होत्या. कपाट उघडत होत्या, कागद काढत होत्या, चष्मा शोधत होत्या. काकी दारातच थबकली आणि हळूच लुंबिनीला म्हणाली की या तर अडकतच नाहीत.

लुंबिनी पुढं झाली, जयभीम केला आणि सुरू झाली. समान संधी दुसऱ्यांदा आली तोवर मॅडमनी हात वर केला.

"तू माझी विद्यार्थिनी आहेस का?"

"न्हाई. मी पुतणी हाय."

"मग तू खाली बस. ज्या माझ्या विद्यार्थिनी आहेत त्यांनी बोला."

लुंबिनी बसली. भीमजयंतीपासून तिला कुणी असं बसवलं नव्हतं. काकी तर अनोळखी माणसापुढं पदराशी चाळा करणारी. आता ही काय बोलणार.

काकीनं थोडक्यात सांगितलं. टाकी, चाक, डबा, कार्ड. मॅडमनी ऐकून घेतलं आणि कपाळावर बोटं चोळली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डब्यातून लेक्चर आलं हे खरं असेलही, पण उद्या प्रत्येकजण येऊन म्हणेल मी बाहेरून बघितलं. कुणी बघितलं आणि कुणी नाही, हे त्यांनी ओळखायचं कसं.

लुंबिनीनं जीभ दातात धरली.

"तुमच्या ज्वालामुखीच्या लेक्चरात कुकर वाजतो," काकी म्हणाली.

मॅडमचा कपाळावरचा हात खाली आला.

"तुम्ही घरून घेतलंय ते. पहिली शिट्टी झाली तेव्हा तुम्ही दचकला. दुसरीला म्हणाला, ऐकलंत, हाच दाब, जमिनीच्या पोटात असाच दाब वाढत जातो, तिथं शिट्टी नसते इतकंच. मग तिसरी झाली, चौथी झाली, पाचवी झाली. तुम्ही बोलतच राहिला."

"डाळीचा पार गाळ झाला आसंल," सुकन्या म्हणाली. "आम्हाला दोघींना लई काळजी वाटली."

मॅडमनी चष्मा काढला. आधी तोंडावर हात धरला, मग तो धरवेना आणि त्या खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, त्या दिवशी घरात सगळ्यांनी ताक-भात खाल्ला. आणि हे लेक्चर शेवटपर्यंत कुणी बघितलंय असं त्यांना वाटलंच नव्हतं. शहरातली पोरं ॲप सुरू करून फोन उशाला ठेवतात, हजेरी भरते, कुकरबद्दल आजवर एकानंही विचारलं नव्हतं.

मग त्या गंभीर झाल्या आणि पुढं सरकल्या. प्रश्न विचारायला लागल्या. आपली काळी जमीन कुठून आली. सुकन्यानं सांगितलं, लाव्ह्याचे थर, त्यांचा झालेला खडक, खडकाची झिजून झालेली माती. पठार स्थिर असतं असं म्हणतात तर मग भूकंप कसा होतो. हा प्रश्न काकीनं घेतला. ती सावकाश बोलली, हातानं टेबलावर भेगा काढून दाखवत बोलली, खाली कठीण खडकातही जुन्या फटी असतात, त्यांच्यावर ताण साठत जातो, वरच्या माणसाला काही कळत नाही. मधेच म्हणाली, हे मला आईला सांगायचंय. तिला अजून वाटतं की गावाचंच काही चुकलं होतं.

मॅडमनी हातातला चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "पण रेणुकाताई, हजेरी ॲप घेतं. मी घेत नाही."

"मग तुम्ही घ्या की," काकी म्हणाली.

इतकं साधं. लुंबिनीच्या अख्ख्या भाषणात हे वाक्य नव्हतं. ती टाळी वाजवणार होती, पण आपल्याला बसवलंय हे तिच्या लक्षात आलं.

मॅडमनी संगणक उघडला. पडद्यावर नावांची रांग आली, त्यात हजेरी नसलेली लाल. लाल नावंच नावं होती. मॅडम म्हणाल्या, मला वाटलं यांनी नाव घातलं आणि कंटाळून सोडून दिलं. गावं वाचली तर कुणी देगलूरकडची, कुणी किनवटकडची, कुणी अहमदपूरच्या आसपासची. सगळ्या बाया आणि पोरी. मॅडमनी तो पडदा बराच वेळ बघितला, मग उठल्या, तुम्ही बसा म्हणाल्या आणि प्राचार्यांकडं गेल्या.

सुकन्या नखं खात होती. काकी भिंतीवरच्या नकाशात किल्लारी शोधत होती, आणि नकाशा इतका मोठा असून त्यात किल्लारी नव्हती. लुंबिनीला वाटत होतं आपण जाऊन प्राचार्यांच्या दाराला कान लावावा. काकीनं तिचा दंड धरून ठेवला.

मॅडम आल्या त्या दारातूनच बोलत आल्या. लेक्चर कुठंही बघा, कशावरही बघा, कार्डावर, डब्यावर. हजेरी तोंडी घ्यायची, साध्या फोनवर. प्रश्न विचारायचे, उत्तर आलं की हजेरी लागली. प्राचार्य आधी नाही म्हणाले होते, मग त्यांना कुकरचं सांगितलं. कॉलेजही आता कार्डं भरून देईल, फक्त ती एसटीनं पोचती करायची व्यवस्था बायांनीच लावायची, कारण ते कॉलेजला येत नाही.

"आणि आमच्या दोघींची हजेरी?" सुकन्यानं विचारलं.

"आत्ता झाली की. अर्ज भरून मगच जा."

काकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुकन्यानं तिला मिठी मारली ती इतक्या जोरात की खुर्ची सरकली. लुंबिनी उभी राहिली, कारण आता बसून राहणं माणसाला शक्यच नव्हतं. खिडकीतून नांदेडचं भर दुपारचं ऊन आत येत होतं आणि तिला ते ओरडून सगळ्या शहराला सांगावंसं वाटत होतं.

मॅडम तिच्याकडं वळल्या. "पुतणी, तुला फोनवर बोलता येतं ना? इतक्या जणींना मी एकटी कधी सांगू. घे, लाव पहिला नंबर."

लुंबिनीनं टेबलावरचा फोन ओढला. पहिलं नाव देगलूरकडच्या एका खेड्यातल्या मल्लम्माचं होतं. बराच वेळ रिंग वाजली. मग एका माणसानं उचलला. बायको रानात आहे म्हणाला, काय काम आहे, कोण बोलतंय. लुंबिनीनं सांगितलं की कॉलेजातून बोलतेय, त्यांच्या परीक्षेचं आहे. माणूस म्हणाला की ते कॉलेज आता बंद केलंय, तिला जमत नाही ते. आणि लुंबिनीनं तोंड उघडलं तर आतून काही येईना. समान संधी त्याला कशी सांगायची. ती एवढंच म्हणाली की त्यांना हाक मारा, मी थांबते.

फोनमधून हाक ऐकू आली, लांब, रानावर जाणारी. मग काही नाही. मग कुणीतरी पळत आल्याचा आवाज, बांगड्या, आणि धाप लागलेला एक बारीक आवाज, भीत भीत विचारणारा, कोण हाय.

लुंबिनी बोलणार एवढ्यात काकीनं तिच्या हातातून फोन घेतला. पदर सावरला, जसं काही समोरचीला दिसणारच होतं.

"मल्लम्माताई, मी रेणुका," ती म्हणाली. "तुमच्याच वर्गातली."